जमादार आणि मोठबाबांचा कोट

आमचा जमादार माजावर आला की सक्करदऱ्याच्या तलावातले मासे पलीकडच्या काठाला जाऊन राहत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वारा आमच्याकडून शहराकडे वाहत असला तर तो वास धंतोलीपर्यंत पोचे. तिथल्या दवाखान्यांत बेशुद्ध पडलेले रोगी उठून बसत, आम्हाला घरी सोडा म्हणून रडत, आणि डॉक्टर लोकांना वाटे, आपल्या सुईचा गुण आला. माझी नातवंडं म्हणतात, आजी, तू फेकतेस. फेकते ना. पण या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यात मला पदरचं काही घालावंच लागलं नाही, आणि सगळ्यांना नेमकी तीच खोटी वाटते.

जमादार हा आमचा बोकड. काळाभोर, कपाळावर पांढरा डाग, आणि अंगानं एवढा की त्याच्यावर खोगीर टाकून एखादा हवालदार परेडला गेला असता तर कोणी वळून पाहिलं नसतं. तो मोठबाबांचा. मोठबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, आणि त्यांची बायको ती मोठी माय. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मी दोन्ही आयांची होते आणि मार दोन्हीकडून खात होते. बाबा गिरणीत पाळीवर जात. मोठबाबाही पूर्वी तिथेच होते, पण रुईची धूळ त्यांच्या छातीत जाऊन बसली आणि खोकला कायमचा मागे लागला, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी बकऱ्या पाळल्या. उंच माणूस. आमच्या दारातून येताना कंबरेत वाकत. मी त्यांच्या उलट. लोक मला बघून विचारत, ही पोट्टी बसली आहे की उभी.

पोळा झाला, मारबतीची मिरवणूक गेली, की जमादाराचे दिवस सुरू होत. आधी खाणं सुटे. हिरवा पाला समोर टाकला तरी तो त्याच्याकडे असा बघे, जसा जावई पहिल्या दिवशी जेवणाकडे बघतो. मग तो स्वतःच्याच दाढीवर, पुढच्या पायांवर मुतायला लागे, आणि ते अत्तर लावून वरचा ओठ आभाळाकडे वळवून दात दाखवत उभा राही. दोराला चावे, खुंट्याला धडका देई, जीभ बाहेर काढून लपलप आवाज करी, खुरांनी जमीन उकरी. त्या दिवसांत आमच्या दुधाला बोकड लागे, दह्याला लागे, माझ्या वेणीला लागे. शाळेत माझ्या बाकावर मी एकटीच बसत असे, आणि पसरून बसत असे. चहात दूध घातलं की चहालाही तो वास येई, म्हणून मोठी माय मोठबाबांना त्या दिवसांत बिनदुधाचा, आलं ठेचून केलेला चहा देई. कान तुटलेला एक कप होता, तो त्यांचाच. कोठ्याच्या, म्हणजे बकऱ्यांच्या गोठ्याच्या, भिंतीवर ती तो ठेवून देई आणि आवाज देई, “या, चाय थंडी होऊन राहिली.” ते आतलं काम सोडून लगेच कधीच येत नसत, आणि चहा रोज थंडच पीत.

काम काही साधं नव्हतं. उमरेडच्या रस्त्यावरून, हिंगण्याकडून लोक आपापल्या बकऱ्या फळवायला घेऊन येत, तेव्हा हिंगण्याला कारखाने नुकतेच येऊ लागले होते. बकरी दिसली की जमादाराला आवरणं म्हणजे रेल्वेच्या इंजिनाला रुमालानं बांधणं. मोठबाबांचे नियम होते आणि ते सगळ्यांनी पाळायचे. बोकडाचं शिंग धरायचं नाही. शिंग धरलं की त्याला वाटतं, आपल्याला कुस्तीला बोलावलं. धरायची ती दाढी. त्याला पाठ दाखवायची नाही. नको त्या वेळी त्याच्या पोटाखाली तरटाचा तुकडा बांधायचा, त्याला आम्ही जमादाराची लंगोटी म्हणत असू, आणि ती बांधणं हे एकट्या मोठबाबांनाच जमे. पण खरी गोष्ट होती ती कोटाची. रविवारच्या बाजारातून आणलेला कुण्या गोऱ्या साहेबाचा खाकी कोट. कोठ्यात जाताना मोठबाबा तोच घालत आणि तो कधीच धुवत नसत. घरात आणायला त्याला बंदी. दारातल्या कडूनिंबाला खिळा ठोकून त्यावर तो टांगलेला असे, आणि वारा आला की बाह्या हलवी. कोट चढवून मोठबाबा कोठ्याच्या दाराशी उभे राहत आणि खोकत. आधी एक लहान, मग दोन अडखळते, शेवटी घसा खरवडून निघालेला एक लांब. तो खोकला ऐकला की एवढा मस्तवाल जमादार डावीकडे दोन पावलं सरके आणि मान खाली घाली. मग ते आत जात. मोठबाबा म्हणत, “मोठ्या माणसाच्या घरात खाकरून जाव लागते गा.”

उन्हाळ्यात ते गेले. निंबाखाली बाज टाकली होती, त्यावरच. शेवटच्या दिवशी त्यांनी मोठ्या मायला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “ऐक वं, तू…” आणि खोकला आला. लांबवाला. ती कान त्यांच्या तोंडाजवळ नेऊन तशीच बसून राहिली. खोकला थांबला, पण पुढचं वाक्य काही आलं नाही. माझ्या मायनं तिला उठवलं तेव्हा ती म्हणाली, “थांब वं जरा, ते बोलून राहिले.”

आता एक सांगायला हवं. आमच्या घरात भूत मानायला बंदी होती. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, अंगारे, धुपारे, बाहेरचं, वरचं, सगळं एकाच दिवशी गेलं होतं, आणि बाबा त्या बाबतीत फार कडक होते. पिंपळाखालून जायला मी घाबरले तर ते मुद्दाम मला तिथूनच न्यायचे. त्यामुळे मारबतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते लक्षात घ्या. आम्ही भाकर खात होतो, अंबाडीच्या भाजीसोबत. आणि कुठून तरी खोकला ऐकू आला. एक लहान, दोन अडखळते, एक लांब.

कोणाचाच हात तोंडापर्यंत गेला नाही. माय ताटाकडे बघत राहिली. बाबांनी पाण्याचा गडू उचलला आणि न पिता खाली ठेवला. पण भूत नाहीच म्हटल्यावर विचारायचं तरी काय आणि कोणाला? दुसऱ्या कोणत्या घरी असं झालं असतं तर बायकांनी मीठमोहऱ्या उतरवल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. आमच्या घरी प्रत्येकानं शहाण्यासारखा विचार केला, आणि तिथेच चूक झाली. बाबांनी ठरवलं की ताटात मान घालून, पदराआड खोकली ती माझी माय, मोठबाबांचा रोग तिला लागला, आणि ती लपवते आहे. मायनं ठरवलं की तोंड फिरवून खोकले ते बाबा. रोज सकाळी खोकला येई, रोज ते एकमेकांकडे दयेनं बघत, आणि दोघं मिळून मला ज्येष्ठमधाच्या काड्या चघळायला देत. शेवटी बाबा एका सकाळी मायला धंतोलीला घेऊन गेले आणि तिच्या छातीचा फोटो काढून आणला. डॉक्टर म्हणाला, छाती एकदम साफ आहे. तो फोटो बाबांनी खिडकीच्या उजेडात इतका वेळ धरून पाहिला की मला वाटलं, ते त्यात दुसऱ्याच कोणाला शोधत आहेत.

मी शोधलं ते वेगळ्या रीतीनं. भाकर घेऊन अंगणातच जाऊन बसले. मोठी माय कोठ्याच्या भिंतीशी उभी होती, हातात कान तुटलेला कप. आणि आत जमादारानं मान लांब केली, वरचा ओठ वळवला, आणि खोकला. एक लहान, दोन अडखळते, एक लांब. माजातला बोकड नाना आवाज काढतो हे मला माहीत होतं. खाकरतो, फुरफुरतो, म्हाताऱ्यासारखा कण्हतो. पण हे तसलं नव्हतं. शेवटी घसा साफ केल्यावर मोठबाबा जो एक छोटा हुंकार देत, तोही त्यानं दिला.

“मोठी माय, हा तर…”

“गप राय,” ती हळूच म्हणाली. “आपण ऐकून राहिलो हे त्याले समजलं तर करणार नाही.”

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. “खोकला लागला असन जनावरले. धूळ गेली असन.” पण त्यानंतर त्यांना जमादार घरात नकोसा झाला, आणि त्याला कारण जमादारानंच दिलं. बकऱ्या घेऊन लोक येत होते आणि कोठ्यात शिरायची कोणाची छाती नव्हती. बाबांनी प्रयत्न केला, आणि गडबडीत नेमकं शिंग धरलं. जमादारानं त्यांना खुब्यावर अशी धडक दिली की ते भिंतीला जाऊन चिकटले आणि, माझं ऐकाल तर, त्या भिंतीवर त्यांचा ठसा पुढे कैक वर्षं होता. ते लंगडत घरात आले आणि म्हणाले, “वैनी, शुक्रवारी कादरभाईले बोलावतो.”

कादरभाई खाटीक. मोठबाबांचा जुना दोस्त.

मोठी माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “काहून?”

“काहून म्हणजे? उद्या त्यानं कोणाचा जीव घेतला म्हणजे? ही पोट्टी दिवसभर अंगणात असते.”

“त्याच्या गळ्यात माह्या माणसाचा आवाज आहे. तो कापाले देऊ काय?”

“वैनी, तो बोकड आहे.”

“मी कुठं म्हणून राहिली, बोकड नाही म्हणून?” ती म्हणाली. एवढंच. पण त्या दिवसापासून तिनं भाताला हात लावला नाही. शुक्रवारपर्यंत तिचं जेवण म्हणजे तो एक कप, जो ती आधी कोठ्याच्या भिंतीवर ठेवी आणि थंड झाला की स्वतः पीत असे. तिचे हात बघता बघता काटक्यांसारखे झाले. माय मला म्हणाली, “बोकड गेला तर ही बी जाते, पाह्य तू.” आणि बोकड राहिला तर बाबा जातात, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी कादरभाई आले. बाबा हातात काठी घेऊन पुढे झाले, मागे कादरभाई दोर घेऊन. जमादारानं एकच हिसडा दिला आणि खुंटा मुळासकट वर आला. कादरभाई तेव्हा साठीचे, पोट सुटलेलं, पण त्यांनी भिंतीवरून उडी मारली असं मी म्हणणार नाही; ते आत होते आणि लगेच बाहेर होते, मधलं काही कोणी पाहिलं नाही. बाबांचा दुखरा पाय दोरात अडकला आणि ते गव्हाणीच्या नि भिंतीच्या कोपऱ्यात पडले. आणि जमादार मागे सरकायला लागला. मागे सरकणारा बोकड पाहून ज्याला हायसं वाटतं त्यानं बोकड पाहिलेला नसतो. तो धावेला जागा करत होता.

मी निंबाकडे धावले. कोट त्याच्या तोंडावर फेकायचा, एवढंच डोक्यात होतं. पण खिळ्यावरून तो काढला आणि कसा कोण जाणे, माझे हात बाह्यांत गेले. तो माझ्या घोट्यांपर्यंत आला. आत ऊब होती. सकाळची वेळ, कोट रात्रभर दवात टांगलेला, आणि आत ऊब होती. यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, म्हणून पुढे जाते. मी नकला करण्यात पटाईत होते. वस्तीतल्या प्रत्येक माणसाचा आवाज मला काढता येई, मास्तरांचा तर एवढा हुबेहूब की खुद्द मास्तरही एकदा माझ्या आवाजाला ‘आलो’ म्हणाले होते. पण त्या खोकल्याची नक्कल मी कधी केली नव्हती. दाराशी उभी राहिले आणि खोकले. एक लहान, दोन अडखळते, एक लांब. लांब खोकला मी ठरवला होता त्याहून लांब चालला.

जमादार थांबला. डावीकडे दोन पावलं सरकला. मान खाली घातली. मग मान तशीच ठेवून त्यानं डोळे वर केले, आणि बघितलं ते माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यावरून, माझ्या मागे, एका उंच माणसाचा चेहरा जिथे असावा तिथे. मी बाबांकडे पाहिलं. कोपऱ्यात पडल्या पडल्या बाबाही तिथेच बघत होते.

मी दाढी धरून जमादाराला बाजूला घेतलं आणि मायनं बाबांना ओढून बाहेर काढलं. कादरभाई भिंतीपलीकडून म्हणाले, “भाभी, ये मेरे बस का नहीं. इसका मालिक अभी गया नहीं.”

“कादरभाई, आमच्या घरी असं बोलत नाही,” बाबा कण्हत म्हणाले.

“तो मत बोलो ना भाई. मैं अपने घर जा के बोलूंगा.” आणि दोर खांद्यावर टाकून ते गेले. जमादाराला न्यायला पुन्हा कधी आले नाहीत.

मोठी माय भिंतीशी उभी होती. तिनं कप भिंतीवर ठेवला, आणि कोटाच्या गुंड्यांकडे बघत म्हणाली, “या. चाय थंडी होऊन राहिली.” मी तो चहा प्यायले. आल्याचा, बिनदुधाचा, आणि थंड. त्या दुपारी ती भात जेवली.

पुढे एकदा, बाबा म्हातारे झाल्यावर, मी त्यांना विचारलं की त्या दिवशी कोपऱ्यातून तुम्ही काय बघत होता. “काही नाही,” ते म्हणाले. “मान अवघडली होती.”

तेव्हापासून जमादार माझ्याकडे आला. दर मोसमात कोट घालायचा, खोकायचं, आत जायचं. मी त्याला अशी आवरत असे की हिंगण्याकडचे लोक बकरीपेक्षा मला बघायला येत. मला बघायला मात्र दुसरे लोकही येत होते, मुलाकडचे, आणि वास आला की ते अंगणातूनच परत जात. एक मुलगा तर पोह्यांचा घास हातात धरूनच पळाला आणि बशी आमची घेऊन गेला. हसत होते मी. पण कोट अंगात असला की मला हसू येत नसे. खोकला दर वर्षी थोडा कमी माझा आणि थोडा जास्त दुसऱ्याचा होई, आणि जमादार दर वेळी माझ्या डोक्यावरून बघे. मी मागे वळून पाहिलं नाही. जनावराला पाठ दाखवायची नाही, हा नियमच होता. तो माझ्या उपयोगी पडला.

मोठी माय कोटाशी बोलत असे. मोठं काही नाही. डाळ संपली, निंबाची फांदी उतरवायला पाहिजे, तुमच्या भावाचा पाय पावसात दुखते. मी आतून लंगोटी बांधत बांधत हुं हुं करी. मी आहे हे तिला ठाऊक होतं, कोट काढून खिळ्याला लावला की ती मला लगेच म्हणे, “कुसुम, हात धुऊन ये वं, नाहीतर भाकरीले लागन.” कोटात मी कुसुम नव्हते, एवढंच.

माझं लग्न ठरलं, त्या मोसमातली गोष्ट. नवरा मिळाला तो सर्दीनं कायम नाक बंद असलेला, म्हणून जमलं. त्या सकाळी मी कोठ्यात होते, जमादार म्हातारा झाला होता, त्याला आता आवरण्यासारखं फार नव्हतं. मोठ्या मायनं कप ठेवला. गेली नाही. भिंतीवर दोन्ही हात ठेवून कोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “त्या दिवशी मले काय सांगून राहिले होते?”

मी हातातलं तरट सोडलं. मला माहीत होतं ती कोणत्या दिवसाबद्दल विचारते आहे. आणि ऐका, मी, जिनं तलावातले मासे हलवले, धंतोलीचे रोगी उठवले, मास्तरांकडून ‘आलो’ म्हणवून घेतलं, त्या मला एक वाक्य करता येईना. किती सोपं होतं. तू जेवत जा. तू रडू नको. तू चांगली होतीस. कोणतंही चाललं असतं. तोंड उघडलं आणि गुळगुळीत, तयार वाक्य जिभेवर आलं, आणि छातीतून खोकला उठला. मी उठवला नव्हता. लहान, अडखळते, आणि मग तो लांब, इतका लांब की डोळ्यांतून पाणी आलं आणि मी गव्हाणीला धरलं. शेवटी घशातला तो हुंकार. जमादारानं मान खाली घातली.

मोठी माय कान पुढे करून ऐकत होती, बाजेजवळ बसली होती तशीच. मग मान हलवली.

“हां,” ती म्हणाली. “मले बी तेच वाटलं होतं.”

तिला काय वाटलं होतं, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. थंडी सुरू होता होता जमादार झोपेत गेला. मोठ्या मायनं कोट खिळ्यावरून काढला, चुलीवर पाणी तापवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो धुतला. पाणी काळं, मग तपकिरी, मग साधं. वाळल्यावर तो एवढासा झाला. तिनं तो एका थंडीनं कुडकुडणाऱ्या माणसाला देऊन टाकला, आणि कान तुटलेल्या कपातून त्यानंतर ती दूध घातलेला, गोड चहा पीत असे, गरम असतानाच.

आता मी हिंगण्याच्या रस्त्यावर मुलाच्या घरी राहते. तिसरा मजला, बकरी तर सोडाच, एका कुंडीलाही जागा नाही. या थंडीत मला खोकला लागला आहे. मुलगा डॉक्टरकडे नेतो, छातीचा फोटो काढतो, छाती साफ आहे म्हणतात. परवा सकाळी औषध आणायला खाली उतरले, तर कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानाशी एक तरुण बोकड बांधलेला होता. माजावर आलेला, दोराला हिसडे देत होता, दुकानातला पोरगा त्याला शिंगानं धरून ओढत होता. मी म्हणणार होते, अरे, दाढी धर. पण खोकलाच आला.

बोकड थांबला. डावीकडे दोन पावलं सरकला आणि मान खाली घातली. मग डोळे वर करून त्यानं माझ्या डोक्यावरून, माझ्या मागे पाहिलं. पोरगाही दोर तसाच धरून तिकडेच बघत राहिला.

मी वळले नाही. औषध घेतलं आणि घरी आले. आमच्या घरात बंदी आहे.